‘शरीररचनेची नावंच डोक्यात राहत नाहीत, कोर्स सोडून देऊ का?’

एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. वय ३१, नऊ वर्षांच्या गॅपनंतर रेडिओग्राफीच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतलंय, शाळा-कॉलेज सगळं मराठीतून झालेलं. बाकीचे विषय बरे चाललेत, शरीररचनेच्या पहिल्या टेस्टला मात्र ४० पैकी ११ पडले. लेक झोपली की रात्री ११ नंतर रोज ५० नावांची यादी दहा-दहा वेळा लिहून काढतात आणि सकाळी निम्मी गायब असतात. ‘मनगटाच्या हाडांची नावं तेवढी राहिली, कारण ती लिहिताना मी स्वतःचं मनगट दाबून बघत होते’ असंही एका ओळीत लिहिलंय. प्रॅक्टिकलला सरांनी एक्स-रे समोर धरून डावं फुप्फुस दाखवायला सांगितलं, ह्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडचं दाखवलं, मागून कुणीतरी हसलं, तेव्हापासून वर्गात तोंड उघडत नाहीत. ‘ही लॅटिन-ग्रीक नावं म्हणजे इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम, माझा मेंदू आता पाठांतराचा राहिलेला नाही’ असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म भरायचाय, भरू की थांबू, असं विचारतायत. खाली ता.क. आहे: शरीरातल्या संस्थांच्या तक्त्यात स्वादुपिंड दोनदा आलं होतं, एक प्रिंटिंगची चूक समजून मी खोडलं, त्याचाही मार्क गेला, ते नक्की कुठे लिहायचं?

ताई, आधी त्या एक्स-रेबद्दलच बोलते, कारण ११ मार्कांपेक्षा तो क्षण तुम्हाला जास्त लागलाय असं पत्रावरून वाटतंय. मी बावीस वर्षं शरीररचना शिकवली आणि दर वर्षी पहिल्या महिन्यात डावं फुप्फुस दाखवा म्हटलं की अर्ध्याहून जास्त बोटं उजव्यावर जातात, मीडियम कुठलंही असो. छातीचा एक्स-रे आपण असा लावतो की जणू पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे, मग त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येणारच. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदातही तेच होतं, तिथे तर आपण पेशंटच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय असं धरायचं असतं. शरीररचनेत उजवं-डावं बघणाऱ्याचं कधीच नसतं, ज्याचं शरीर आहे त्याचं असतं. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणी नीट बसवून सांगितलं होतं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही, थेट यादीच हातात आलेली दिसतेय. सांगितलंच नसेल तर ती चूक तुमच्या डोक्याची कशी म्हणायची.

आणि ही गोष्ट सोपी आहे म्हणून सगळ्यांना येते असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एक चेकलिस्ट काढली, तिच्यात भूल देण्याआधी तपासायच्या गोष्टींमध्ये पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, कुठल्या जागी आणि त्या जागेवर खूण केलीय का, हे आहे. म्हणजे वर्षानुवर्षं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेसुद्धा फक्त डोक्यावर विसंबू नये असं जगाने ठरवलंय. तुमच्या कामात तर हे रोजचंच असणार, एक्स-रे काढताना उजवं-डावं दाखवणारं ते छोटं शिशाचं अक्षर लावणं तुमच्याच हातात असेल. साधारण दहा हजारांत एखाद्या माणसाचे आतले सगळे अवयव आरशात दिसावेत तसे उलट्या बाजूला असतात, हृदयाचं टोक उजवीकडे आणि यकृत डावीकडे, आणि त्याला आयुष्यभर त्याचा काही त्रास नसतो असंही होतं. ते अक्षर लावलेलं नसेल तर हा माणूस खरंच असा आहे की चित्र उलटं लागलंय हे नुसतं बघून कळायला मार्ग नाही. त्या दिवशी तुमचं बोट चुकलं ते वर्गात चुकलं, आणि आता जन्मात तुम्ही ते विसरणार नाही.

मला स्वतःला तोंडी परीक्षेत गळ्याजवळचं हाड हातात देऊन विचारलं होतं, हे कुठल्या बाजूचं? मी घाईत उजवं म्हटलं, ते डावं निघालं. परीक्षक बाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की ते आधी स्वतःच्या गळ्याशी धरून बघ. धरलं, आणि लगेच कळलं की कुठलं टोक खांद्याकडे आणि कुठलं मधे छातीच्या हाडाकडे. मला तेव्हा रडू आलं होतं खरं, पण पुढे शिकवताना मी तेच एक वाक्य सगळ्यांना सांगत आले.

आता त्या यादीकडे येऊ. तुम्ही म्हणता पाठांतर जमत नाही. पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की मनगटाची नावं राहिली. मनगटात आठ हाडं असतात, लहान लहान, खडे ठेवल्यासारखी दोन ओळींत, आणि त्यांची नावं अख्ख्या यादीतली सगळ्यात किचकट म्हणून मुलं रडतात, आणि तुम्हाला नेमकी तीच राहिली! मग मेंदू पाठांतराचा राहिला नाही हे कसं काय मानायचं? मला तर उलटं दिसतंय, जे तुम्ही हाताने चाचपलं ते राहिलं आणि जे नुसतं कागदावर उतरवलं ते गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पुस्तक चोवीस तास अंगावर आहे आणि आपण रात्री ११ वाजता वहीत शोधतोय.

शरीररचनेतली बहुतेक नावं पत्त्यासारखी असतात हे एकदा डोक्यात बसलं ना की विषयच बदलतो. आणि पत्ता सांगायचा तर घर एका जागी स्थिर हवं, म्हणून पहिली गोष्ट ठरवली ती उभं राहण्याची पद्धत: माणूस सरळ उभा, तोंड समोर, पावलं समोर, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला. पेशंट झोपलेला असो, कुशीवर असो की हात डोक्यावर घेतलेला असो, वर-खाली, पुढे-मागे म्हणताना तो असाच उभा आहे असं धरायचं.

तळवे पुढेच का, असं माझ्याकडे दर वर्षी कुणीतरी विचारायचं. आत्ता करून बघा, वाचता वाचताच करा. डावा हात कोपरात वाकवून टेबलावर ठेवा, तळवा छताकडे. उजव्या हाताच्या बोटांनी कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत चाचपत या, एक हाड सलग हाताला लागेल, ते अल्ना. आता अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या जरा वर धरा, ते रेडियस. दोन्ही तशीच धरून डावा तळवा हळूहळू टेबलाकडे पालथा करा. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागेवर राहिलं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावरून फिरून पलीकडे गेलं, जाणवलं? तळवा वर असताना दोन हाडं समांतर होती, पालथा केल्यावर एकमेकांवर फुली झाली. म्हणजे अंगठा बाहेरच्या बाजूला की आतल्या, हे तळवा कसा आहे त्यावर बदलतं, म्हणून एक पद्धत ठरवून टाकली की भांडण मिटलं. हे एकदा हाताने केलेलं माणूस रेडियस कुठलं आणि अल्ना कुठलं हे परत घोकत बसत नाही. आणि तुम्ही जेव्हा कुणाच्या कोपराखालच्या हाताचा एक्स-रे काढाल तेव्हा समोरून काढायच्या चित्रासाठी तळवा वर ठेवा असं का सांगायचं हेही आपोआप कळेल, नाहीतर दोन्ही हाडं चित्रात एकमेकांवर येतात.

एवढं झालं की दिशांचे शब्द हातात येतात, आणि ते फार थोडे आहेत. डोक्याकडचं सुपिरिअर, पायाकडचं इन्फिरिअर. पोटाकडचं अँटिरिअर, पाठीकडचं पोस्टिरिअर. शरीराच्या मधोमध नाकावरून बेंबीवरून एक उभी रेघ धरली तर तिच्या जवळचं मीडियल, लांबचं लॅटरल. कातडीकडचं सुपरफिशियल, आत खोल असलेलं डीप. हातापायांसाठी जास्तीचे दोन, धडाला जिथे हात-पाय फुटतात त्या मुळाकडचं प्रॉक्झिमल आणि बोटांच्या टोकाकडचं डिस्टल. ह्यात मुलांची एक गडबड हमखास होते, त्यांना वाटतं की कोपर ‘प्रॉक्झिमल आहे’. कोपर नुसतं प्रॉक्झिमल नसतं हो, मनगटाच्या मानाने प्रॉक्झिमल आणि खांद्याच्या मानाने डिस्टल असतं, जशी मधली बहीण एकीची ताई आणि दुसरीची धाकटी असते. हे शब्द कायम कुणाच्यातरी मानाने वापरायचे असतात, म्हणून ते यादीत सुटे सुटे लिहून पाठ होतच नाहीत. वाक्य करा. डोळे नाकाच्या लॅटरल. हृदय फुप्फुसांच्या मीडियल. किडन्या आतड्यांच्या पोस्टिरिअर, आणि उजवी किडनी डावीपेक्षा जराशी इन्फिरिअर कारण तिच्या डोक्यावर यकृताचं वजनदार घर आहे.

छेदांचे तीन शब्द तुम्हाला रोज लागतील म्हणून तेही सांगते. सॅजिटा म्हणजे लॅटिनमध्ये बाण, समोरून आलेला बाण नाकातून शिरून पाठीमागे निघेल तसा उभा काप म्हणजे सॅजिटल, त्याने उजवं आणि डावं वेगळं होतं. करोना म्हणजे मुकुट, हेअरबँड एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बसतो तसा काप म्हणजे करोनल, त्याने पुढचं आणि मागचं वेगळं. आणि आडवा ट्रान्सव्हर्स, त्यालाच स्कॅनमध्ये ॲक्सियल म्हणतात. बास.

आता लॅटिन-ग्रीकचं. इथे तुमचं गृहीतकच मला मान्य नाही. इंग्रजीत शिकलेल्या मुलांना घरी कुणी लॅटिन शिकवलेलं नसतं, पहिल्या दिवशी त्यांचीही पाटी कोरीच असते. उलट त्यांना एक जास्तीचा त्रास असतो, रोजच्या इंग्रजीत लेग म्हणजे अख्खा पाय आणि शरीररचनेत लेग म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, आर्म म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंत, मग ते आधीचं विसरून नवीन शिकत बसतात. आपल्याकडे दंड म्हणजे दंडच, मांडी म्हणजे मांडीच, नडगी पुढची आणि पोटरी मागची, काख, जांघ, खुबा, घोटा, टाच सगळ्याला वेगळं नाव आहे, आणि ते तुम्हाला पाच वर्षांच्या असल्यापासून येतंय.

आणि ती परकी वाटणारी नावं तरी किती परकी आहेत ते बघा. ग्रीक आणि लॅटिन आणि संस्कृत ह्या भाषा एकाच घराण्यातल्या, आणि शरीराचे शब्द फार जुने असतात त्यामुळे ते टिकून राहिले. ग्रीकमध्ये हाड म्हणजे ऑस्टिऑन, आपलं अस्थी. लॅटिनमध्ये दात म्हणजे डेन्स, आपलं दंत. पाऊल पेस, त्याचं रूप पेडिस, आपलं पाद. नाक नासस, आपलं नासा. गुडघा गेनू, आपलं जानू, आजानुबाहू म्हणतो ना आपण, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा, त्यातलं. यकृताचं हेपार, प्लीहेचं स्प्लेन, बेंबीचं उम्बिलिकस आणि नाभी, ही सगळी मुळात एकच. स्नायूला मसल म्हणतात तो लॅटिन मस्क्युलसवरून, म्हणजे छोटा उंदीर, आणि तिथला मूस म्हणजे आपला मूषकच. दंड वाकवून बेटकुळी काढा आणि सोडा, कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, आपल्याला तिथे बेडकी दिसली आणि त्यांना उंदीर दिसला एवढाच फरक!

उपसर्गांचंही तसंच आहे. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, पेरी म्हणजे परि, इंटर म्हणजे अंतर. पोटाचे जे नऊ भाग पाडतात त्यात वरच्या दोन कोपऱ्यांचं नाव बघून मुलं घाबरतात, हायपोकॉन्ड्रियाक. फोडून बघा, कॉन्ड्रस म्हणजे कूर्चा, हायपो म्हणजे खाली, बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा. उजवीकडच्या त्या जागेत यकृताचा मोठा भाग, डावीकडे प्लीहा. मधे वर एपिगॅस्ट्रिक, गॅस्टर म्हणजे पोट, एपी म्हणजे वर. असं फोडायची सवय लागली की यादी ५० ची असेल तर खरी नवी माहिती दहा-बारा तुकड्यांचीच असते. हाडांच्या नावात तर चित्रंच आहेत: गुडघ्याची वाटी पटेला म्हणजे छोटी थाळी, आपणही वाटीच म्हणतो, गळ्याजवळचं क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली, नडगीचं टिबिया म्हणजे बासरी, माकडहाडाचं कॉक्सिक्स म्हणजे कोकिळा, तिच्या चोचीच्या आकारावरून, कानातला कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. ज्यांनी ही नावं दिली ते समोर दिसेल त्याला ओळखीच्या वस्तूचं नाव देत होते.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकाच अवयवाला देशोदेशी इतकी वेगळी नावं झाली होती की सुमारे ५० हजार नावं वापरात होती, मग १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शरीररचनातज्ज्ञांनी बसून ती साधारण ५ हजारांवर आणली, आणि आज चालणारी यादी म्हणजे १९९८ च्या यादीची २०१९ मधली सुधारलेली आवृत्ती. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या ग्रीक वैद्याने माकडं आणि इतर प्राणी कापून जे लिहिलं ते माणसाचं म्हणून तेराशे वर्षं पाठ केलं जात होतं. खालचा जबडा दोन हाडांचा असं तो म्हणाला होता. १५४३ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या व्हेसॅलियस नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने स्वतः माणसाचं शरीर उघडून बघून लिहिलं की माणसाचा खालचा जबडा एकच हाड आहे. एवढी शतकं पाठांतर चोख होतं, बघणं राहून गेलं होतं. तुम्ही मनगट दाबून बघत होतात ते मला म्हणूनच फार आवडलं.

मराठीची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. आपल्या बोलण्यात काही शब्द फार सैल आहेत. नस हा शब्द घ्या. ‘कंबरेत नस दबलीय’ म्हणतो तेव्हा ती नर्व्ह असते, म्हणजे चेता. ‘रात्री पायाची नस चढली’ म्हणतो तेव्हा पोटरीच्या स्नायूत गोळा आलेला असतो. ‘नसेतून सलाईन लावलं’ तेव्हा ती नीला असते, हृदयाकडे रक्त परत नेणारी. एकच शब्द, तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी. पोट म्हणजे जठरही आणि बरगड्यांपासून जांघेपर्यंतचा सगळा भागही, त्यामुळे जठर कुठे आहे दाखवा म्हटलं की लोक बेंबीवर हात ठेवतात, ते असतं त्याच्या बरंच वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. आणि नेटवर हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करत असाल तर जपून, आपल्याकडे पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल, हिंदीत सेलला कोशिका म्हणतात, पेशी म्हणजे मसल आणि स्नायु म्हणजे बऱ्याचदा दोन हाडं बांधणारा लिगामेंट. दोन्हीकडून शिकणाऱ्याचा गोंधळ होणारच. तेव्हा वहीत ह्या चार-पाच सैल शब्दांचं एक वेगळं पान करा आणि कोण कुठल्या अर्थाने काय म्हणतं ते लिहून ठेवा. पुढे हेच पान कामाला येईल, कारण टेबलावर झोपलेला पेशंट कधीच सुपिरिअर-इन्फिरिअर बोलणार नाही, तो म्हणेल बरगडीखाली मागच्या अंगाला दुखतंय, आणि ते ऐकून नेमकी जागा ज्यांना कळते त्यांची तिथे फार गरज असते.

फॉर्मचं काय करायचं? माझं मत विचारलंत तर भरा. पण डोळे मिटून नको. आधी उत्तरपत्रिका मागून घ्या आणि गेलेले २९ मार्क बघा, प्रत्येक चुकीपुढे लिहा की बाजू चुकली, नाव आठवलं नाही, की प्रश्नच कळला नाही. मला दाट शंका आहे की डावं-उजवं ही एकच चूक पाच-सहा आकृत्यांत परत परत मोजली गेलीय. तसं निघालं तर तुम्हाला शरीररचना येत नाही असं त्या कागदावरून म्हणताच येणार नाही. बहुतेक चुका ‘प्रश्नच कळला नाही’ मध्ये निघाल्या तर अडचण भाषेची आहे, त्यावर सरांशी बोलता येतं, जुने पेपर बघता येतात.

एक टर्म थांबायचा पर्याय वाईट नाही, पण थांबून त्या काळात काय बदलणार ते आधी ठरवायला हवं, नाहीतर नऊ वर्षांत आणखी सहा महिने जमा होतील एवढंच. कोर्स बदलायचा विचार असेल तर हे माहीत असू दे की नर्सिंग, फिजिओथेरपी सगळीकडे हा विषय आहेच, लॅबच्या कोर्सला दिशा कमी आणि पेशी-ऊती जास्त. थांबणं मला बरोबर वाटेल ते एकाच परिस्थितीत, रात्री ११ शिवाय तुमच्याकडे खरोखर कुठलाच वेळ नसेल आणि झोप रोज चार-पाच तासांवर आली असेल तर. कारण शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि तुम्ही झोप कापून ते पक्कं करायला बघताय. ह्याबद्दल घरात बोला, लेक तुमची एकटीची नाही. रोज सकाळची वीस मिनिटं कुणीतरी तिला सांभाळावं एवढं मागणं काही फार नाही.

त्या वीस मिनिटांत काय करायचं ते सांगते, आणि जे कुणी मोठ्या वयात हा विषय शिकतायत, योग शिकवतायत, घरच्या आजारी माणसाचे रिपोर्ट वाचायची धडपड करतायत, त्यांनाही हे चालेल. लिहून काढणं बंद करा. रोज एकच भाग घ्या, समजा छाती. गळ्याच्या खाली मधोमध खळगा लागतो तिथे बोट ठेवा, हाडावरून सरळ खाली साधारण पाच सेंटिमीटर उतरा, एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी गळ्याच्या हाडाखाली दडलेली असते, ती हाताला नीट लागत नाही, म्हणून बरगड्या मोजायच्या त्या इथून, दोन, तीन, चार. छातीच्या पिंजऱ्यात ह्या आडव्या ओळी आहेत हे बोटांना कळलं की एक्स-रेवरच्या ओळी वाचता येतात. चाचपताना नाव मोठ्याने म्हणा, शेजारी मराठी नाव म्हणा, मग एक पत्त्याचं वाक्य करा. नंतर पुस्तक मिटून एक ओबडधोबड माणूस काढा, कान-नाक नसलं तरी चालेल, फक्त वर ‘उ’ आणि ‘डा’ आधी लिहा, त्याच्या बाजूने, तुमच्या नाही, आणि आठवेल तेवढं भरा. जे आठवलं नाही तेच फक्त पुस्तकात बघा. दोन दिवसांनी तेच परत, आठवड्याने परत. मिटलेल्या पुस्तकासमोर आठवायला जो ताण पडतो ना, तोच उपयोगाचा असतो, दहा वेळा बघून लिहिताना तो पडतच नाही, हात चालत राहतो आणि डोकं झोपतं.

लेकीलाही घ्या सोबत. तिच्यासमोर उभ्या राहा आणि तिला म्हणू द्या, आई तुझा डावा गुडघा, आई तुझा उजवा कान, आणि मग तुम्ही तिचा डावा-उजवा दाखवा. समोरच्याचं उजवं-डावं ओळखायची ह्याहून चांगली प्रॅक्टिस मला माहीत नाही.

सरांकडेही एकदा जा, वर्गात नाही, वर्ग संपल्यावर. माझं फुप्फुस का चुकलं ते मला आता कळलंय, आज परत एक एक्स-रे दाखवाल का, एवढंच म्हणा. शिकवणाऱ्या माणसाला ह्याच्याइतकं बरं वाटणारं वाक्य कमी असतं. हसणाऱ्याचं मनावर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, लागतंच ते, पण ज्यांनी हसू ऐकलं त्यातल्या कितीजणांनी मनातल्या मनात तुमच्यासारखंच बोट चुकीच्या बाजूला ठेवलं होतं ते मला बावीस वर्षांच्या अनुभवाने पक्कं माहितीय.

सहा आठवडे असं करून बघा, दुसरी टेस्ट द्या, आणि तेव्हा मला परत लिहा, मार्क कितीही पडले तरी.

राहिलं ता.क.मधलं स्वादुपिंड. तिथे तुमचं निरीक्षण चांगलं होतं, दोनदा आलंय हे पकडलंत, फक्त ती चूक नव्हती. शरीराची मांडणी अशी सांगतात की पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव आणि अवयवांपासून संस्था, अशा अकरा संस्था धरतात. पण ह्या संस्था आपण समजायला पाडलेल्या आहेत, शरीरात त्यांच्यामधे भिंती नाहीत. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस करून नळीवाटे लहान आतड्यात सोडतो, म्हणून ते पचनसंस्थेत. त्याच पिंडात जागोजागी पेशींचे छोटे पुंजके आहेत, १८६९ मध्ये पॉल लँगरहान्सने ते पहिल्यांदा नोंदवले, आणि ते इन्शुलिन थेट रक्तात सोडतात, नळी नाहीच, म्हणून ते अंतःस्रावी संस्थेतही. दोन्ही रकान्यांत लिहा. आणि पत्ता विचारला तर सांगा: जठराच्या पोस्टिरिअर, आडवं पसरलेलं, डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या पहिल्या वळणात आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत. उजवीकडे-डावीकडे म्हणजे पेशंटच्या.